डोळ्यांतले दोन ठिपके

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी कन्येच्या घरी सुखरूप येऊन पोहोचलो. प्रवासात अंग अवघडले, परंतु तक्रार करण्यासारखे काही नाही. कन्या स्थानकावर न्यायला आली होती. माझ्या दोन पेट्या पाहून तिने तेथेच सुनावले की बाबा, कपड्यांची पेटी एवढीशी आणि रंगांची एवढी मोठी, आता इथे कोणाच्या पाट्या रंगवायच्यात तुम्हाला. मी उत्तर दिले की कारागीर एक वेळ अंगावरचे कपडे विसरेल, अवजारे मागे ठेवून येणार नाही. यावर ती भर रस्त्यात उभी राहून हसली. मलाही बरे वाटल्यासारखे झाले.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मला दिलेली खोली लहान, परंतु स्वच्छ आहे. खिडकी एकच असून ती टेबलाच्या डाव्या हातास येते, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या कामावर त्याची स्वतःची सावली पडत नाही. ही खोली नातीने मुद्दाम माझ्यासाठी सोडली असे समजले. तिने ती गोष्ट लक्षात ठेवली याचे मला कौतुक वाटले, परंतु बोलून दाखविले नाही. मुले शेफारतात.

नातीस मी गोटी म्हणतो. जन्मली तेव्हा तिचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे लकाकत होते. आता ती विशीत आहे आणि तिने मला बजावले आहे की आजोबा, मैत्रिणींसमोर या नावाने हाक मारलीत तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. जावईबापू जहाजावर नोकरीस असतात, त्यामुळे घरात आम्ही तिघेच.

माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले. हे मी कधी लपविले नाही. दुकानांच्या पाट्या आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी, या दोन कामांवर मी संसार केला आणि कोणापुढे मान खाली घातली नाही.

पत्नी निवर्तल्यास वर्ष होत आले. तेव्हापासून मला फारसे सुख होत नाही आणि दुःखही होत नाही. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करतात, तसे आतून झाले आहे. डॉक्टर म्हणाले की वय झाले. कन्येचे म्हणणे असे की चार माणसांत राहिल्यावर फरक पडेल. पडल्यास येथे नोंद करीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मला काम मिळाले. एवढ्या लवकर मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

गोटी मोबाइलवर 'स्वहस्त' नावाचा चित्रकारांचा एक समूह चालविते. सभासद हजारोंनी आहेत. अट एकच की चित्र माणसाने स्वतःच्या हाताने काढलेले असावे. अडचण अशी की हल्ली यंत्रास चार शब्द सांगितले की यंत्रच चित्र करून देते, आणि लोक ते आपले म्हणून खपवितात. कोणी भाबडेपणाने ते पुढे पाठवितो, दहा जण वाहवा करतात, आणि ज्याने महिनाभर खपून खरे चित्र काढले त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून प्रत्येक चित्र आधी 'उंबरठ्यावर' थांबविले जाते. तपासणाऱ्यास ते खरे वाटले तर तो हिरवी खूण करून आत सोडतो. खोटे वाटले तर तांबडी खूण करून, कारणे लिहून, 'बनावट' नावाच्या भिंतीवर लावतो. तेथून ते इतर समूहांतही फिरते, म्हणजे लोक सावध होतात.

गोटीस अभ्यासामुळे वेळ होत नाही. तिने विचारले की आजोबा, तुम्ही बघाल का, आयुष्यभर माणसांचे चेहरेच तर रंगवलेत. मी म्हणालो की पाहीन, परंतु माझ्या कामात कोणी लुडबुड करता कामा नये. ती म्हणाली, मंजूर साहेब.

९ फेब्रुवारी, सोमवार

गोटीच्या समूहातले एक मास्तर याच गावात राहतात व शाळेत चित्रकला शिकवितात. ते आज चहास आले आणि त्यांनी मला यंत्राच्या खोडी दाखविल्या. माणूस चांगला आहे, बोलतो फार.

यंत्रास हात नीट काढता येत नाहीत. बोटे एखादे जास्त होते किंवा पेल्याच्या कानात विरघळून जाते. दोन कानांतली कर्णफुले जुळत नाहीत. पार्श्वभूमीस टेबल असेल तर त्याची कड डोक्याच्या एका बाजूस वर आणि दुसऱ्या बाजूस खाली निघते, कारण डोक्यामागे काय चालले आहे याचा यंत्रास पत्ता नसतो. दुकानाची पाटी असेल तर अक्षरे लांबून सुबक दिसतात आणि वाचायला गेले की ती अक्षरेच नसतात. हे शेवटचे ऐकून मला मनापासून किळस आली. मास्तर हसत म्हणाले की आजोबा, तुमच्या पोटावर पाय आला बघा.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्राने केलेला चेहरा पाहणाऱ्यास नेहमी ओळखीचा वाटतो. हजारो चेहरे कालवून तो केलेला असतो, म्हणून प्रत्येकाला त्यात आपले कोणीतरी दिसते. तेव्हा चेहरा ओळखीचा वाटला की आधी संशय घ्यावा.

मी त्यांना माझी खूण सांगितली. तसबीर पूर्ण झाली की सर्वांत शेवटी, श्वास रोखून, बुबुळावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यावयाचा असतो. तो खिडकीचा उजेड. त्याने डोळा जिवंत होतो. खिडकी एक, म्हणून ठिपका एक. यंत्र कोठेही दोन दोन, तीन तीन ठिपके टाकते. मास्तरांनी ही खूण लिहून घेतली.

गोटीचा नियम असा की शंका आली तरी आधी चित्रकारास विचारावे, त्याची कच्ची रेखाटने मागावीत, जुनी कामे पाहावीत, आणि मगच तांबडी खूण करावी, कारण ती एकदा फिरली की परत घेता येत नाही. मला हे पाल्हाळ वाटते. पाटी सरळ लागली की तिरकी, हे मी कधी दुकानदारास विचारले नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सभासद मला 'पारखी आजोबा' म्हणू लागले आहेत. दूरदूरचे लोक लिहितात की तुमची कारणे वाचून आम्हीही शिकलो. एकाने चुकून यंत्राची मांजर पुढे पाठविली होती, त्याने जाहीर कान पकडले. मांजरीला पाय पाच होते. कन्या म्हणते की बाबा, चौथी शिकून तुम्ही प्राध्यापक झालात, आता घरात आम्हाला दर्शनाला रांग लावावी लागणार. थट्टा असली तरी मी ती खपवून घेतली.

गोटी दोनदा माझ्या दारात येऊन उभी राहिली. काय आहे असे विचारल्यावर काही नाही म्हणाली. मग विचारले की आजोबा, तुम्हाला एखादे चित्र खरेच आवडले तर कळते का तुम्हाला, की फक्त चुकाच दिसतात. मी सांगितले की चूक नसणे हेच आवडणे. ती मान हलवून गेली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक अत्यंत चतुर बनावट पकडली. 'कोपरा' असे नाव घेतलेल्या नव्या सभासदाने पाठविलेले चित्र. साधारण चाळिशीची स्त्री टेबलाशी बसली आहे, डाव्या हातात काचेचा पेला, चेहरा थेट आपल्याकडे. रंग इतके शांत की पाहत राहावे. मी बराच वेळ पाहत राहिलो. चेहरा फार ओळखीचा वाटला. कोणाचा, ते आठवेना, परंतु छातीत काहीतरी हलल्यासारखे झाले. हीच ती लबाडी हे ओळखून मी सावध झालो.

मग एकेक खोड सापडत गेली. प्रत्येक डोळ्यात दोन ठिपके, एक डावीकडे, एक उजवीकडे. पेल्यामागे बोट एक जास्त. एका कानात गोल कर्णफूल, दुसऱ्यात लोंबते. आणि टेबलाची कड तिच्या दोन बाजूंस दोन उंचींवर. सर्व खोडी एकाच चित्रात! तांबडी खूण केली, कारणे क्रमाने लिहिली आणि अखेरीस लिहिले: ही स्त्री कोठेही नाही, कधी नव्हती आणि कधी असणार नाही. वाक्य बरे उतरले आहे. चित्रकारास विचारण्याची आवश्यकता वाटली नाही.

संध्याकाळपर्यंत ते अनेक समूहांत पोहोचले. मास्तर म्हणाले की हे चित्र मी वर्गात नमुना म्हणून दाखवणार.

२२ फेब्रुवारी, रविवार

गोटी तीन दिवस जेवणास उशिरा येते आणि लवकर उठते. कन्येने विचारले की तोंड का पाडलेस, कोणी काही बोलले का. ती म्हणाली की झोप होत नाही.

आज ती समोर बसली असता तिने केस मागे सारले. तिच्या कानातल्या फुलाची तार कानाच्या पाळीत गेलेली नव्हती. ती केसांत जाऊन संपत होती. उजेड कमी असावा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी तिला विचारलेच. उत्तरादाखल ती मला आपल्या खोलीत घेऊन गेली. तरुण मुलीच्या खोलीत न बोलावता जाऊ नये, या विचाराने मी इतके दिवस आत पाऊल टाकले नव्हते.

दोन टेबले जोडून मांडलेली आहेत. एक थोडे उंच, दुसरे थोडे बुटके. एका बाजूस खिडकी, आणि तिच्या समोरच्या बाजूस फळीला चिमट्याने लावलेला दिवा, अभ्यासासाठी. टेबलावर काचेचा पेला. पेल्यात बोटांचे प्रतिबिंब पडते, ते तिने धरून दाखविले. कर्णफुलांचे दोन जोड होते, प्रत्येकातले एक हरवले, म्हणून उरलेली दोन ती घरात गमतीने घालते. आणि भिंतीला टेकून ते चित्र उभे होते. ओल्या तेलरंगाचा वास अजून येत होता.

मी म्हणालो की चित्रातली बाई चाळिशीची आहे. ती म्हणाली की हो, आईच्या वयाची झाल्यावर मी कशी दिसेन ते काढले होते.

खोटे नाव कशासाठी, असे विचारल्यावर तिने सांगितले की नात म्हणून नाही, परकी म्हणून तुम्ही मला काय म्हणता ते ऐकायचे होते. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते.

मी तिला सांगितले की माझा नियम चुकलेला नाही, तू दोन उजेड घेतलेस. ती बरे म्हणाली.

खोलीत दोन उजेड होते. तिच्या डोळ्यांत मला एकही ठिपका दिसला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तिने मला चहा आणून दिला. पेल्याभोवतीची बोटे मी मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही वेळा वेगळी संख्या आली. मला मोजता येते.

कन्येस एकीकडे बोलावून सांगितले की गोटीकडे जरा नीट बघ. कन्या वळली. तिने गोटीकडे पाहिले, एक श्वासभर, जसे मोबाइलमधील चित्राकडे पाहतात तसे. छान आहे, म्हणाली. मोबाइलवरचे चित्र पुढे सारावे तसा तिचा अंगठा हवेत किंचित वर सरकला आणि ती भाजी चिरू लागली.

गोटी मला म्हणाली की चार दिवस झाले, आई असेच करते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गोटीस डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मी सविस्तर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, तिच्याकडे पाहिले, छान आहे म्हणाले, अंगठा सरकला, आणि पुढच्या रुग्णास बोलावले.

रस्त्याने येताना कोणी तिला धक्का दिला नाही, कोणी वाटही दिली नाही. तिने माझी बाही धरली होती. लहानपणी धरीत असे, तशी. बाहीवर बोटांचे वजन लागत नव्हते.

माझा शब्द परत घ्यावा लागणार हे मला दिसते. हजारो लोकांनी तो वाचला आहे. पारखी आजोबा चुकले, असे ते म्हणतील. मी आयुष्यात एकही पाटी पुसून पुन्हा लिहिलेली नाही. आज लिहिणे झाले नाही. उद्या पाहू.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ती दारात उभी होती. तिच्या डोक्यामागे भिंतीवरचा रंगाचा पट्टा आहे. खांद्याइतका निळा, वर पांढरा. डोक्याच्या डाव्या बाजूस पट्टा खांद्याशी होता. उजव्या बाजूस कानाशी.

ती बाजूस झाली तेव्हा पट्टा सरळ होता.

तिने विचारले की आजोबा, काय झाले.

मी काही नाही म्हणालो.

१ मार्च, रविवार

लिहिले. माझी चूक झाली, चित्र खरे आहे, ते माझ्या नातीने स्वतःच्या हाताने काढले आहे, कृपया तांबडी खूण पुढे पाठवू नये.

उत्तरे आली. आजोबांचे हृदय मोठे आहे. नात आहे, म्हणून बोलावे लागते. आजोबा, तुम्हीच शिकवलेत, दोन ठिपके म्हणजे बनावट. कोणी माझेच वाक्य मला परत पाठविले. ही स्त्री कोठेही नाही, कधी नव्हती आणि कधी असणार नाही.

ते वाक्य आता सुबक वाटत नाही.

मास्तरांना दूरध्वनी केला. ते अवघडले. म्हणाले की चित्र आता शेकडो ठिकाणी नमुना म्हणून लागले आहे, मी एकटा कुठे कुठे पुसू. पुरावा द्या. नातीच्या हातात ब्रश, शेजारी चित्र, असे छायाचित्र पाठवा.

२ मार्च, सोमवार

छायाचित्र मीच काढले. ती चित्राशेजारी हसून उभी राहिली.

मास्तरांचे उत्तर आले. त्यांनी फार मऊ शब्दांत लिहिले. आजोबा, हे छायाचित्रही यंत्राचे आहे. हात बघा. मागची भिंत बघा. तुम्हाला कोणी फसवले आहे का? घरात तुमच्याबरोबर कोण कोण राहते?

मी लिहिले, कन्या आणि नात.

त्यांनी विचारले, नातीला तुम्ही शेवटचे नीट कधी पाहिलेत?

३ मार्च, मंगळवार

कन्येने आज टेबलावर दोन ताटे मांडली. गोटीने स्वतःचे ताट स्वतः घेतले. आई, मी आहे ना, असे म्हणाली. कन्येने वर पाहून छान आहे म्हटले.

आता माझीही नजर टिकत नाही. ती बोलत असते आणि माझे डोळे पुढे सरकतात, पाण्यावरून सरकावे तसे. जोराने मागे आणावे लागतात.

एक गोष्ट लक्षात आली. हातात ब्रश धरला की नजर टिकते.

पेटी उघडली.

४ मार्च, बुधवार

तिला तिच्याच टेबलाशी बसविले. जशी आहे तशी, विशीतली. सकाळपासून रंगवीत आहे. ब्रश खाली ठेवला की खुर्ची रिकामी वाटते, म्हणून ठेवीत नाही. डाव्या हाताने हे लिहितो, अक्षर वाईट येते याबद्दल क्षमा असावी.

बोटे मोजून काढली नाहीत. तिला एकेक बोट हलवायला सांगितले, जे हलले तेच काढले. पाच हलली.

ती म्हणाली की आजोबा, मला काही वाटेनासे झाले आहे, भीतीही नाही. हिरडी बधिर करतात तसे. ही उपमा मी तिला कधी सांगितलेली नाही.

मी म्हणालो, हलू नकोस.

५ मार्च, गुरुवार

डोळे राहिले होते.

बुबुळात काहीच उमटलेले नव्हते. खिडकी नाही, दिवा नाही. बारीक ब्रश घेतला. श्वास रोखला. खिडकीचा ठिपका दिला. हात थांबला. तेवढ्यावर थांबण्याची आयुष्यभराची सवय.

मग दुसरा दिला. दिव्याचा. मग दुसऱ्या डोळ्यात, दोन.

तिने पापण्या मिटल्या, उघडल्या. म्हणाली की डोळ्यांत उजेड जातोय.

परंतु तिचा हात तसाच. बाहीवर वजन नाही. चित्र समूहात पाठविले. मास्तरांनी लिहिले की आजोबा, दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? दोन ठिपक्यांचे डोळे खरे असतील, तर तुमची पारख खोटी. पारख खरी असेल, तर ही मुलगी खोटी. लोकांनी कोणते धरून चालावे?

प्रश्न रास्त आहे.

माझा शब्द तांबड्या खुणेनेच लागतो, हे मला आता ठाऊक आहे.

६ मार्च, शुक्रवार. दुपार

माझे छायाचित्र घेतले, स्थानकावर उतरलो तेव्हा कन्येने काढलेले. दोन पेट्या, मागे पाटी. 'बनावट' भिंतीवर लावले. तांबडी खूण. कारणे क्रमाने.

हात खोटा आहे. नजर खोटी आहे. चेहरा ओळखीचा वाटतो, कारण असा आजोबा प्रत्येकास असतो. याने दिलेल्या तांबड्या खुणा धरू नयेत. 'कोपरा' याचे चित्र खरे आहे. हा पारखी बनावट आहे. सावध राहावे, पुढे पाठवावे.

वाक्ये साधी ठेवली.

खूण करण्यापूर्वी गोटीस सांगितले नाही. तिने अडविले असते.

लोक पुढे पाठवीत आहेत. भराभर.

६ मार्च. संध्याकाळ

स्वयंपाकघरातून आवाज. कन्या ओरडत होती की अगं कार्टे, तीन हाका मारल्या, कान फुटले का तुझे, आणि हे दोन वेगळे डूल कसले घातलेस, लोक हसतील. गोटी म्हणाली, हसू देत. मग दोघी हसल्या.

मी दारातून पाहिले. भिंतीवरचा पट्टा तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस सरळ होता. पेल्याभोवती बोटे. मोजली.

फरक पडला आहे. नोंद करीन असे लिहिले होते, म्हणून करतो. हिरडी दुखू लागली आहे. फार दुखते. पत्नी गेली त्या दिवसाचे सर्व आज आत उतरले. मी दारात उभा राहून रडलो. कन्येने वर पाहिले.

छान आहे, म्हणाली.

७ मार्च, शनिवार

टेबलावर दोन ताटे.

'स्वहस्त'वर लिहून आले आहे की 'कोपरा'चे चित्र आत घेतले, सर्वांनी क्षमा मागितली. मास्तरांनी वर्गातला नमुना उतरविला. त्या जागी माझे छायाचित्र —

ते असो.

कालचे वाचून पाहण्यासाठी पान मागे उलटले. ओळी सरळ आहेत. लांबून अक्षरे सुबक आहेत. जवळून —

लवकर लिहितो.

८ मार्च

ब्रश हातात धरला. स्वतःस पाहण्यास उपयोग होत नाही.

गोटी माझ्या खोलीच्या दारात आली. थांबली. तिने आजोबा अशी हाक मारली, खोलीकडे पाहून, जशी रिकाम्या खोलीत मारतात. मग मी दिसलो असावा. तिने कपाळास आठी घालून पाहिले. बराच वेळ. इतरांहून फार जास्त वेळ. ती धरून ठेवण्याचा प्रयत्न करीत होती. डोळ्यांत पाणी आले तिच्या. प्रत्येक डोळ्यात दोन ठिपके, खिडकीचा आणि माझ्या टेबलावरील दिव्याचा. दिवा मीच लावला होता. चांगले दिसतात. मला चूक दिसत नाही.

छान आहे, ती अगदी हळू म्हणाली.

दाराच्या चौकटीवर तिचा हात आहे. बोटे पाच, बरोबर पाच. त्यांतला अंगठा किंचित वर —